लाईट आली, पण डेटाबेस उठेना

या महिन्यात टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून जी गाऱ्हाणी आली त्यातली निम्मी एकाच जातीची निघाली, पाऊस तोंडावर आला की हे दरवर्षी होतंच. लाईट जाते, येते, मशीन आपोआप उठतं, स्क्रीन बघाल तर सगळं छान दिसतं, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की डेटाबेसशी, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे राहतात त्याच्याशी, संपर्क होत नाही असा निरोपाचा डबा येतो. म्हणून या वेळी प्रिंटरवाल्यांना पुढच्या अंकात ढकललंय, रागावू नका. आणि एक, आपल्या अंकात इंग्रजी अक्षरं लावत नाहीत म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीतच करायच्या. मागे एकाने खरंच देवनागरीत टाइप करून "ताई चालत नाय" असं कळवलं होतं.

प्रश्न: ताई नमस्कार. देवगडजवळ माझी कलमं आहेत आणि घराला लागूनच पॅकिंगची शेड. कुठल्या गिऱ्हाइकाला किती पेट्या गेल्या, कोणाचं येणं बाकी, सगळा हिशेब एका जुन्या डेस्कटॉपवर. भाच्याने मुंबईहून येऊन त्यावर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) आणि मारियाडीबी (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, मग दिवाळीत आला तेव्हा जागा पुरत नाही म्हणून सगळा डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर हलवला. तेव्हापासून लाईट जाऊन आली की डेटाबेस चालूच होत नाही. भाच्याने शिकवलेली कमांड मारली, सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी, की लगेच चालू, काहीच कुरकुर नाही. पण मी असतो बागेत, शेडमध्ये बायको आणि दोन कामगार, त्यांना हे जमत नाही, की लगेच माका फोन. भाचो म्हणता सगळा पुसून परत घालूया. आता काय करूचा ता तुमीच सांगा.
— एक बागायतदार, देवगड

उत्तर: पुसू नका हो. आधी भाच्याला थांबवा.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, हाताने कमांड मारली की लगेच चालू होतं. म्हणजे प्रोग्राम ठीक, सेटिंगची फाइल ठीक, डेटा ठीक, परवानग्या ठीक, यातलं एक जरी बिघडलेलं असतं तरी हातानेही चालू झालं नसतं. मग पुसून परत टाकून काय मिळणार, तेच. घोळ आहे तो वेळेचा. मशीन उठतं त्या घटकेला डेटाबेसला जे काही लागतं त्यातलं काहीतरी अजून आलेलं नसतं, आणि तुम्ही बागेतून येऊन हात धुवून कमांड मारता तोवर ते येऊन बसलेलं असतं. भरती यायच्या आधी होडी ढकललीत तर ती वाळूत रुतणारच, त्यात होडीचा काय दोष.

तरी पहिली शंका आधी फेडून घेतली. स्टार्ट आणि एनेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे लोक इथेच अडकतात. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, बस. दर वेळी मशीन उठल्यावर चालू कर हे सांगायला एनेबल लागतं. सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड मारियाडीबी असं विचारलं की एका शब्दात उत्तर येतं. डिसेबल्ड आलं तर एनेबल करा आणि घरी जा, मास्क्ड आलं तर कोणीतरी मुद्दाम कुलूप घातलंय, अनमास्क करावं लागेल. तुमच्याकडे फोन करून ही कमांड मारायला लावली तर एनेबल्ड आलं, म्हणजे भाच्याने तिथे चूक केलेली नाही.

मग दुसरी कमांड, जर्नलसीटीएल, पुढे डॅश यू मारियाडीबी, पुढे डॅश बी. डॅश बी म्हणजे फक्त या वेळच्या बूटचं, मशीन उठल्यापासूनचं, नाहीतर मागच्या गणपतीपासूनचं सगळं पानच्या पान येतं. वहिनींनी फोनवर जे वाचून दाखवलं ते वहीत उतरवलंय: 7 वाजून 12 मिनिटं 9 सेकंदांनी डेटाबेस उठायला गेला, त्याच सेकंदाला तक्रार केली की डेटाच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही, एररकोड 2, असं फोल्डरच नाही, आणि पडला. मग नुसतं जर्नलसीटीएल डॅश बी मारून डिस्क कधी लागली ते शोधायला सांगितलं. 7 वाजून 12 मिनिटं 21 सेकंद. बारा सेकंदांचा फरक. एवढ्यासाठी तुम्ही रोज बागेतून धावताय.

आता हे का होतं. एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये कुठली डिस्क कुठे लावायची ते लिहिलेलं असतं, आणि तुमच्या यूएसबी डिस्कच्या ओळीत भाच्याने नोफेल हा शब्द घातलाय. घातला ते बरोबरच केलं, तो नसता तर डिस्क निघालेली असताना मशीन दीड मिनिट वाट बघत बसलं असतं आणि मग उठायचंच नाकारून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं असतं. पण नोफेलचा अर्थ असाही होतो की या डिस्कसाठी कोणी थांबू नका, पुढे चला. मग पुढे चालणाऱ्यांत तुमचा डेटाबेसही निघाला. जुनी फिरती डिस्क, त्यात यूएसबी, ती फिरायला लागून ओळख पटेपर्यंत वेळ घेतेच, आणि आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने वायरची टोकं काळवंडलेली असली तर आणखीनच.

उपाय दोन ओळींचा आहे. सुडो सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी मारा, एडिटर उघडेल, त्यात वरच्या बाजूला चौकटी कंसात युनिट, आणि खालच्या ओळीवर रिक्वायर्समाउंट्सफॉर, बरोबरची खूण, आणि डिस्क जिथे लागते तो पत्ता. रिक्वायर्स, माउंट्स, फॉर हे तिन्ही शब्द मधे जागा न सोडता जोडून, तिघांचं पहिलं अक्षर कॅपिटल. याचा अर्थ एवढाच की हा पत्ता लागल्याशिवाय मला उठवू नका. एडिटरमध्ये आधीपासून काही ओळी असतील, त्यात एक सूचना असते की याच्या खालचं सगळं टाकून दिलं जाईल, तर तुमच्या दोन ओळी त्या सूचनेच्या वरच लिहा, खाली लिहिल्यात तर सेव्ह केल्यासारखं वाटतं आणि काहीच झालेलं नसतं, यात माझी एक अख्खी दुपार गेलीय. आणि मूळ सर्व्हिस फाइलला, म्हणजे डेटाबेस कसा उठवायचा ते जिथे लिहिलेलं असतं तिला, हात लावू नका, अपडेट आलं की ती परत पहिल्यासारखी होते. एडिटने केलेला बदल वेगळ्या फाइलमध्ये राहतो, तो टिकतो. सिस्टिमसीटीएल कॅट मारियाडीबी मारलं की मूळ फाइल आणि खाली तुमची भर दोन्ही दिसतात, खात्री करून घ्या. जाता जाता एफएसटॅबमध्ये डिस्क एसडीबी1 अशा नावाने लिहिलेली असली तर ती यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने लिहा, कारण पेनड्राइव्ह लावलेला राहिला तर ती नावं अदलाबदल होतात.

मग रीबूट करून बघा, लाईट जायची वाट बघू नका.

भाचा कदाचित म्हणेल की हे कशाला, स्लीप 60 लावून देतो, एक मिनिट थांबेल आणि मग चालू होईल. चालतं, मीही केलंय, नाही असं नाही. पण ज्या दिवशी डिस्कला एकसष्ट सेकंद लागतील त्या दिवशी परत तुम्हालाच फोन. दुसरा एक प्रकार म्हणजे पडला की परत उठव, रीस्टार्ट बरोबर ऑन-फेल्युअर. तोही चांगला आहे पण दोन प्रयत्नांमधे किती थांबायचं ते सर्व्हिस फाइलमध्ये दिलेलं नसेल तर सिस्टिमडी, म्हणजे उबुंटूत सर्व्हिसेस उठवणारा प्रोग्राम, डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाच वेळा प्रयत्न करून सोडून देतो, कारण दोन प्रयत्नांच्या मधे तो मुळात सेकंदाचा दहावा भागच थांबतो आणि दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त प्रयत्न करू द्यायचे नाहीत असा त्याचा नियम. रीस्टार्टसेक 10 अशी सोबत ओळ दिली तर तो शांतपणे दहा दहा सेकंदांनी बघत राहतो. मी दोन्ही लावते, आधी माउंटची अट आणि वर हे.

एक धोका मात्र सांगून ठेवते. काही जण हल्ली डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवायच्या सोयीत, चालवतात. तिथल्या मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस या तिन्ही डेटाबेसच्या नेहमीच्या इमेजना, म्हणजे तयार साच्यांना, डेटाचं फोल्डर रिकामं दिसलं की त्या तक्रार करत नाहीत, तिथे नवा कोरा डेटाबेस बनवतात. म्हणजे डिस्क लागलेली नसताना डॉकर उठला तर सर्व्हिस हिरवीगार चालू आणि आत एकही नोंद नाही. ऐन एप्रिलमध्ये हिशेब उघडावा आणि एकही पेटी दिसू नये, माणसाच्या पोटात गोळाच येईल. तुमचा डेटा गेलेला नसतो, खाली डिस्कवर असतो, पण घाबरून कोणी त्या कोऱ्यातच नव्याने नोंदी करायला घेतल्या की मग दोन हिशेब जुळवत बसा.

आता थोडी माझी लाज. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, आमच्या दापोलीकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, ओळखीच्या एका दुकानात जनरेटरवर दोन तास मशीन चालायचं आणि डिझेल संपलं की धाडकन बंद. तिसऱ्या का चौथ्या वेळी डेटाबेस उठेना. मी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं की डेटा फोल्डरमधल्या आयबी-लॉगफाइल नावाच्या फाइली पुसल्या की होतं, आणि पुसल्या. त्या फाइली म्हणजे नावाप्रमाणे नुसता लॉग नव्हे, लाईट गेली तेव्हा जे व्यवहार पुरते मुख्य फाइलीत उतरले नव्हते ते त्यात असतात आणि डेटाबेस उठताना तिथूनच स्वतःला सावरतो. मी त्याची काठीच काढून घेतली. दुकानदाराने दोन दिवसांची बिलं कार्बन कॉपीवरून परत भरली, मला एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हा धाडकन बंद झालेल्या मशीनवर डेटाबेस उठायला पाच-दहा मिनिटं घेत असेल तर घेऊ द्या, तो स्वतःला सावरतोय, आणि डेटा फोल्डरमधलं काहीही पुसायचं असेल तर आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी.

आणि शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, डेटाबेस यूएसबी डिस्कवर ठेवूच नका. पेटी सरकवताना एकाचं कोपर लागलं की वायर निघते. आत एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या, बाहेरची डिस्क बॅकअपला ठेवा.

प्रश्न: मालवणला आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. विंडोज 10, त्यावर रिपोर्टचं सॉफ्टवेअर, ते एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरतं. गंमत अशी की रोज संध्याकाळी शट डाउन करतो, सकाळी चालू करतो, काही त्रास नाही. पण लाईट जाऊन आली की सर्व्हिस बंद. सर्व्हिसेसच्या यादीत ऑटोमॅटिकच आहे, मी स्वतः बघितलं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो लाईटचा प्रॉब्लेम, वायरमन म्हणतो कॉम्प्युटरचा. सकाळी शुगर द्यायला आलेले पेशंट उपाशी पोटी रांगेत असतात.
— लॅबवाले, मालवण

उत्तर: रोज चालतं आणि लाईट गेल्यावर नाही, हे वाचून मला बरं वाटलं, कारण याचं कारण अगदी नेमकं आहे. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा विंडोज तुम्हाला लॉगऑफ करतं पण आतला गाभा, त्यात सर्व्हिसेसही आल्या, झोपवून डिस्कवर ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. म्हणजे तुमची एसक्यूएलची सर्व्हिस रोज सकाळी सुरू होतच नाही, आदल्या दिवशीचीच पुढे चालू राहते. लाईट गेली की मात्र खरीखुरी शून्यापासून सुरुवात. पटत नसेल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून बघा, रीस्टार्टमध्ये पूर्ण बूट होतं, तिथेही सर्व्हिस पडेल. पेशंट नसताना बघा म्हणजे झालं.

आता पूर्ण बूटला का पडते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि 7009 आणि 7000 हे नंबर शोधा. मला पाठवलेल्या फोटोत दोन्ही एकाखाली एक आहेत. 7009 म्हणतो 30000 मिलिसेकंद वाट बघितली, सर्व्हिसने ओ दिली नाही, आणि 7000 म्हणतो म्हणून सुरू झाली नाही. तीस सेकंद हा विंडोजचा नेहमीचा धीर. तुमची जुनी हार्ड डिस्क, बूटच्या वेळी अँटीव्हायरस, अपडेट आणि एसक्यूएल तिघेही एकदम तिच्यावर तुटून पडतात, रविवारी मच्छी मार्केटात होतं तसं, आणि एसक्यूएलचा नंबर तीस सेकंदांत लागत नाही.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिकच्या जागी ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट करा. मग ती बाकीची गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी उठते. एसक्यूएल सर्व्हर 2022 पासून मायक्रोसॉफ्टनेच ऑटोमॅटिक म्हटलं तरी आतून डिलेडच करायला सुरुवात केलीय, त्यावरून काय ते समजा. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ठेवा की मशीन लागल्यावर तीन मिनिटं सॉफ्टवेअर उघडायचं नाही, तोवर चहा. रिकव्हरी टॅबमध्ये रीस्टार्ट द सर्व्हिस निवडायला सगळे सांगतात, निवडा, पण ते चालू झालेली सर्व्हिस मधेच मेली तर कामाला येतं, मुळात उठलीच नाही तिच्यासाठी त्यावर विसंबू नका. तीस सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, जाऊन वाढवता येते, सर्व्हिसेसपाइपटाइमआउट नावाने, पण ती सगळ्याच सर्व्हिसेसना लागू होते, मी शेवटचा उपाय म्हणूनच करते.

खरा इलाज एसएसडी. आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, नुसत्या इन्व्हर्टर मोडवर बदली व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो. वायरमन आणि सॉफ्टवेअरवाला दोघेही थोडे थोडे बरोबर होते म्हणायचे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, पेशंटचे रिपोर्ट त्यावर आहेत, तेही डोक्यात असू द्या.

प्रश्न: हर्णैला आमच्या तीन बोटी आहेत, बर्फ, डिझेल, लिलावाची रक्कम सगळं कॉम्प्युटरवर. सोमवारपासून डेटाबेस चालू होत नाही, हाताने स्टार्ट केलं तरी एरर 1069 येतो. त्याच दिवशी मुलीने कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, त्याचा काही संबंध नसेल ना?
— हर्णै, दापोली

उत्तर: संबंध आहे, तोच आहे. वरच्या देवगडच्या बागायतदारांचं हाताने चालू होतं, तुमचं हातानेही होत नाही, म्हणून तुमचं गाऱ्हाणं वेगळं. 1069 म्हणजे लॉगऑन फेल्युअर. ज्याने बसवलं त्याने ती सर्व्हिस तुमच्याच नावाने लावून ठेवलीय, जुना पासवर्ड तिच्यात लिहिलेला आहे. सर्व्हिसवर डबल क्लिक, लॉग ऑन टॅब, नवा पासवर्ड दोनदा, ओके, स्टार्ट. सवडीने बसवणाऱ्याला बोलावून ती सर्व्हिस तिच्या स्वतःच्या वेगळ्या अकाउंटवर टाकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पासवर्ड बदलला तरी फरक पडणार नाही. मुलीला ओरडू नका, पासवर्ड बदलला ते चांगलंच केलं.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टसाठी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून पोस्टग्रेस ठेवलंय, मित्र वायफायवरून जोडतात. रीबूट केलं की त्यांना कनेक्शन मिळत नाही. पण स्टेटस बघतो तर हिरवं, अ‍ॅक्टिव्ह, आणि पुढे कंसात एक्झिटेड असं काहीतरी. चालू आहे की बंद आहे तेच कळत नाही.

उत्तर: हे एक्झिटेड भल्याभल्यांना फसवतं बाळा. उबुंटूवर पोस्टग्रेसक्यूएल नावाची जी सर्व्हिस आहे ती नुसती पाटी आहे, ती स्वतः काहीच चालवत नाही, उठते, हजेरी लावते आणि निघून जाते, म्हणून अ‍ॅक्टिव्ह आणि एक्झिटेड. खरा डेटाबेस चालतो तो पोस्टग्रेसक्यूएल, अ‍ॅट, आवृत्तीचा नंबर, डॅश, मेन या नावाच्या सर्व्हिसखाली, तिचा स्टेटस बघ. किंवा सोपं, पीजी-एलएसक्लस्टर्स मार, दोन शब्दांच्या मधे डॅश नाही अंडरस्कोअर, समोर ऑनलाइन की डाउन ते येतं.

तू पाठवलेल्या सेटिंगमध्ये लिसन-अ‍ॅड्रेसेसला, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं त्या ओळीत, लोकलहोस्ट (तोच लॅपटॉप) आणि वायफायचा 192.168 वाला पत्ता असे दोन दिलेयस. बूटच्या वेळी वायफाय जोडलेलं नसतं, म्हणजे तो पत्ता अजून मशीनला मिळालेलाच नसतो, पोस्टग्रेस त्यावर बसायला जातो, जमत नाही, लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो आणि लोकलहोस्टवर समाधान मानून चालू राहतो. म्हणून तुला लॅपटॉपवरून चालतं आणि मित्रांना नाही. नुसता वायफायचा पत्ता दिला असतास तर तो उठलाच नसता. नंतर वायफाय आलं म्हणून तो स्वतःहून परत बघत नाही, रीस्टार्टच लागतो.

लिसन-अ‍ॅड्रेसेसमध्ये फक्त चांदणी टाक, म्हणजे जो पत्ता जेव्हा येईल तेव्हा त्यावर ऐकेल, आणि कोणाला आत घ्यायचं ते पीजी-एचबीए फाइलमध्ये तुमच्या नेटवर्कपुरतंच लिही, फायरवॉलही लाव, नाहीतर कॉलेजच्या वायफायवर अख्खं हॉस्टेल तुझ्या 5432 वर, पोस्टग्रेसच्या दारावर, येऊन टकटक करेल. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटसाठी, म्हणजे नेटवर्क जोडलं जाईपर्यंत, डेटाबेसला थांबवणे हा दुसरा मार्ग आहे, त्यात आफ्टर आणि वाँट्स दोन्ही ओळी लागतात, नुसतं आफ्टर लिहून लोक का चालत नाही म्हणून विचारतात, कारण आफ्टर फक्त क्रम सांगतं, बोलवत नाही. पण वायफायच्या लॅपटॉपवर मी चांदणीच घेईन.

तरीही डाउन दिसलं तर ईटीसी फोल्डरमध्ये पोस्टग्रेसक्यूएल, आवृत्ती, मेन, तिथे स्टार्ट डॉट कॉन्फ नावाची छोटी फाइल आहे, तिच्यात ऑटोच्या जागी मॅन्युअल लिहिलेलं नाही ना ते बघ. जुना लॅपटॉप कोणाकडून घेतलायस ते लिहिलं नाहीस, आधीच्या माणसाने काय काय करून ठेवलं असेल सांगता येत नाही.